मुखवटा चोरणारी पोसूबाई

त्या ढिगावर बसू नका. फोटो काढायचा तर उभ्याने काढा. टेकडीच्या माथ्यावर समुद्रातले गोटे कसे आले, असं सगळेच विचारतात. आमच्याच माणसांनी आणले. कशासाठी, ते सांगायची लाज वाटते, तरी सांगतो.

फार पूर्वी, म्हणे, एका सकाळी जमीन हादरली. फळीवरची भांडी खाली आली. थोड्या वेळाने समुद्र मागे सरला, इतका की खडकांपलीकडचा तळ उघडा पडला आणि मासळी चिखलात तडफडू लागली. सगळं खारवडे गाव टोपल्या घेऊन धावलं. कोळीवाड्याचा पाटील होता राघोजी. त्याने हुकूम सोडला, "वाटे परल्याशिवाय कोनी हलाचा नाय!" इथला नियमच तसा. आयती मिळालेली मासळी सगळ्यांत वाटायची, आणि वाटे पडण्याआधी जो जाईल त्याला काही नाही.

पोसूबाई नावाची एक विधवा तेवढी ओरडत होती, "पानी मागं गेलाय, तो परत येनार हाय! डोंगरावं चला!" तिच्या आजीने तिला हे सांगून ठेवलं होतं. लोक हसले. पाटील म्हणाला, "हिला समदा मावरा एकटीला पायजे!"

मग ती सरळ किनाऱ्यावरच्या देवळात शिरली, देवीचा चांदीचा मुखवटा उचलला आणि या टेकडीकडे पळत सुटली. स्वतःच्या जिवासाठी न हललेलं गाव चोर धरायला मात्र धावलं! म्हातारी, लेकुरवाळ्या, सगळी, हातात किनाऱ्यावरचे गोटे घेऊन. इथे तिला गाठलं आणि गोटे मारले. मारता मारता कुणीतरी मागे पाहिलं. खाली गाव नव्हतं, नुसतं पाणी होतं. वाटे राखत थांबलेला पाटीलही नव्हता.

पाणी ओसरलं तसे काही जण घरं बघायला निघाले. रक्ताने भिजलेल्या पोसूबाईने मुखवटा पोटाशी धरला. "अजून येल. खाली जाल त देवी देनार नाय." देवीसाठी ते थांबले. दुसरी लाट पहिलीपेक्षा मोठी होती, असं सांगतात. ती ओसरेपर्यंत पोसूबाईने प्राण सोडला होता. लाटेने नाही, आमच्या गोट्यांनी.

म्हणून नारळी पौर्णिमेला आधी सगळं गाव रिकाम्या हातांनी इथवर चढतं, ढिगापुढे नाक घासतं, मग दर्याला नारळ. परवा कुणी साहेब शहाणपण शिकवून गेले, देवळात चांदी आहे, दार लावा. मी त्यांना हाकललं. किनाऱ्यावर पुन्हा बांधलेल्या त्या देवळाला आजही दार नाही. आमचा काय भरवसा? उद्या तिच्यासारखी कुणी खरं ओरडली आणि आम्ही पुन्हा हसलो, तर निदान मुखवटा तरी तिच्या हाताला लागला पाहिजे.