जेट आणि तार

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. सातवीनंतर शाळा सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत.

लहान गाड्यांना कार्बोरेटर असायचे, तेव्हाची ही गोष्ट. कुमुदिनीबाईंची जुनी गाडी चढावर बंद पडायची, म्हणून आमच्या गॅरेजात आली. मी कार्बोरेटर खोलून त्याचा पितळी जेट बाकावर ठेवला. इंजिनाला पेट्रोल मोजून देणं हे त्याचं काम. त्याच्या केसाएवढ्या भोकात कचरा अडकला होता.

शेजारी क्लच केबलची एक बारीक तार होती. ती म्हणाली, "एवढुशा तोंडानं कसा जगतोस रे? थांब, मोकळा करते."

"नको, तारताई. पेट्रोलमध्ये भिजवून हवा मारली तरी पुरे. भोक लहान आहे म्हणूनच मी कामाचा."

"भित्रा कुठला," म्हणत तार आत शिरली आणि चार वेळा फिरली. कचरा निघाला.

सगळं जोडून गाडी सुरू केली, तर ती काळा धूर ओकू लागली. मी हादरून पुन्हा जेट काढला.

"मला आता पेट्रोल अडवता येत नाही," जेट म्हणाला. "माझं पितळ खरवडून भोक मोठं झालं. ते परत कसं भरणार?"

तार मग म्हणाली, "मी आपणहून कुठे शिरते? माझं दुसरं टोक कोणाच्या हातात होतं?"

दोघंही माझ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुमुदिनीबाईंना चूक सांगितली, नवा जेट बसवला आणि जुना दोऱ्याला बांधून बाकाच्या वर डोळ्यांसमोर टांगला.