गुराबेचा दोर

समुद्रातल्या एका किल्ल्याखाली फार पूर्वी एक थोरली गुराब, म्हणजे शिडांचं लढाऊ जहाज, नांगरलेली असे. शेजारी वल्ह्यांचं लहानसं गलबत. किनाऱ्यावरची माणसं गुराबेच्या तोफा बघत बसत, "काय रुबाब आहे!" म्हणत. गलबत चुळबुळत राही.

एकदा शत्रूची जहाजं दिसली आणि नेमका वारा पडला. शिडं लोंबली.

"आता रे?" गुराब कासावीस झाली. "माझे गोळे तिथवर पोचायचे कसे?"

"दोर टाक!" गलबत म्हणालं. वल्हेकऱ्यांनी जीव खाऊन तिला तोफांच्या टप्प्यात ओढून नेलं. गुराब धडाडली. शत्रू वल्ही मारत पळाला.

किनाऱ्यावर गुराबेचाच जयजयकार झाला. गुराबेवरच्या खलाशांचा म्होरक्या, तांडेल, दोर सोडायला आला, तशी ती हळूच म्हणाली, "तांडेलमामा, राहू द्या ना बांधलेला. वाऱ्याचा काय भरवसा?"