पाचव्या फ्रेटवरचं बोट

“तुम्हाला माहीत होतं की नाही, तेवढंच सांगा.”

शांतवन मास्तर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. नगरात गिटार शिकायची तर चर्चमागच्या त्यांच्या याच खोलीत, असं कित्येक वर्षं चालत आलं होतं. समोर उभा होता हर्षल, त्यांचा सगळ्यात तयारीचा विद्यार्थी. आपण सगळ्यात तयारीचे आहोत हे हर्षलला कुणी सांगावं लागत नसे.

“काय माहीत होतं?”

“माझी जुनी गिटार खोटी आहे. तिच्या दांडीवरची पाचवी पट्टी, पाचवी फ्रेट, चुकीच्या जागी बसवलीय.”

“ती सुरात आहे,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी पुढची शेंग उचलली.

हर्षल कडवट हसला.

काल पुण्याच्या स्टुडिओत त्याचं पहिलं रेकॉर्डिंग होतं. त्यासाठी त्याने आठवड्यापूर्वीच नवी, चांगली गिटार घेतली होती. सराव करताना एक सूर चढा लागत होता. पण तारा नव्या आहेत, बसतील दोन दिवसांत, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. स्वतःच्या हातावर शंका घेण्याची त्याला सवय नव्हती.

संगीतकाराने त्याला तीनदा थांबवलं. सूर चढतोय, सूर चढतोय. हर्षलने तीनदा तारा जुळवल्या. चौथ्यांदा संगीतकाराने बाहेर बसलेल्या एका बाईंना आत बोलावलं आणि हर्षलचीच गिटार त्यांच्या हातात दिली.

बाईंनी एका दमात वाजवलं. सूर कुठे जरासुद्धा हलला नाही.

“गिटार छान आहे,” त्या जाताना हलक्या आवाजात म्हणाल्या, “तुम्ही तार ढकलता.”

पुन्हा बोलावू, असं त्याला सांगण्यात आलं. असं सांगतात तेव्हा बोलावत नाहीत, एवढं त्यालाही कळत होतं.

घरी येऊन त्याने जुन्या गिटारला सूर मोजणारा ट्यूनर लावला तेव्हा उजेड पडला. तिच्या पाचव्या फ्रेटवर सूर उतरलेला यायचा. बारा वर्षं त्याचं बोट तिथे तार हळूच बाजूला ढकलून तो वर आणत होतं. आता चांगल्या गिटारवरही ते ढकलतच होतं. ढकलू नकोस म्हटलं तरी ऐकत नव्हतं.

“मी पहिल्याच महिन्यात तुम्हाला म्हटलं होतं, इथं सूर उतरतोय,” हर्षल म्हणाला. “तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?”

मास्तरांनी आणखी एक शेंग फोडली.

“नाचता येईना अंगण वाकडं. सगळ्या वर्गासमोर म्हणालात. पोरं हसली. मग माझं बोट धरून तार कशी ढकलायची ते शिकवलंत.”

“तसंच वाजवतात.”

“नाही वाजवत कुणी तसं! अंगण खरंच वाकडं होतं, मास्तर!”

त्याला रडू येत होतं, आणि त्याचाच त्याला जास्त राग येत होता. ही गिटार फक्त माझ्याच हातात बोलते, असं सांगत तो बारा वर्षं मिरवला होता. तो मिरवत होता ती एक खोड होती, एवढंच.

त्याने नवी गिटार खोळीतून काढली आणि मास्तरांच्या मांडीवर ठेवली.

“वाजवा. सरळ बोट कसं असतं ते तरी दाखवा एकदा.”

“नको रे. मला दुसऱ्याची गिटार मानवत नाही.”

“वाजवा.”

तो विनंती करत नव्हता. मास्तरांना ते कळलं. त्यांनी टरफलं बाजूला सारली, हात सदऱ्याला पुसले आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात असताना रोज वाजवायचे तो तुकडा सुरू केला.

वय झालं तरी हात अजून गोड होता. हर्षलला नको असताना ऐकावंसं वाटलं. बोटं खाली उतरत पाचव्या फ्रेटवर आली...

सूर चढला.

मास्तर थांबले. तारा तपासल्या. जुळलेल्या होत्या. तुकडा पुन्हा सुरू केला.

सूर चढला. तिथेच, तेवढाच.

तिसऱ्यांदा त्यांनी अगदी सावकाश वाजवलं, स्वतःच्या बोटावर नजर ठेवून. बोट फ्रेटवर टेकलं आणि तार हळूच बाजूला गेली. हर्षलच्या बोटाखाली जायची तशीच.

हर्षलला एकदम ते दुकान आठवलं. तो अकरा वर्षांचा होता. वडिलांनी मास्तरांना बरोबर नेलं होतं, कारण त्यांना स्वतःला त्यातलं काही कळत नव्हतं. मास्तरांनी तीन गिटारी वाजवून पाहिल्या. पहिल्या दोन ‘सूर चढतो’ म्हणून परत केल्या. तिसरी, सगळ्यात स्वस्तातली, ऐकून त्यांचा चेहरा खुलला होता. हीच घ्या, म्हणाले होते, ही सुरात आहे.

“दुकानातल्या त्या दोन...” हर्षल म्हणाला.

“हो,” मास्तर म्हणाले. “चांगल्या असणार त्या.”

“म्हणजे तुम्हाला माहीतच नव्हतं.”

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. भिंतीवर त्यांची स्वतःची गिटार टांगली होती, हर्षलच्या जुन्या गिटारच्याच बनावटीची. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. मांडीवरची नवी गिटार त्यांनी दोन्ही हातांनी उचलून त्याला परत दिली.

हर्षल भांडायला आला होता. सगळं त्यांच्या माथी मारायचं, हात झटकायचे आणि निघायचं, असं ठरवूनच आला होता. आता समोर एक म्हातारा माणूस स्वतःचं बोट दुसऱ्या हातात धरून बसला होता. भांडायला कुणी उरलं नव्हतं, आणि राग मात्र तसाच होता.

“माझी बारा वर्षं गेली, मास्तर.”

“हो.”

“मग आता मी करू काय?”

मास्तरांनी धरलेलं बोट सोडलं.

“मला कुणी शिकवलं नव्हतं रे,” ते म्हणाले. “पन्नास वर्षं दोष द्यायला नुसत्या गिटारीच होत्या. तुला निदान मी सापडलो.”