पुसता न येणारा कॉम्प्युटर

"सोळा की बत्तीस, सर?"

"काय, आंबे?"

"रॅम, सर. कॉम्प्युटरची स्मरणशक्ती म्हणा."

"मग बत्तीस घे. माझी चाललीच आहे. तुझीही जाईल."

तांबोळी सर आपल्याच बोलण्यावर खुदकन हसले. डॉ. सदानंद पुसाळकर हसले नाहीत. त्यांनी मांडीवरच्या फायलीत बत्तिसाशेजारी पेन्सिलीने बारीकशी खूण केली आणि तिच्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

सर एकोणनव्वद वर्षांचे, शिष्य एकाहत्तरचा. पाटणच्या पुढे एका पठाराच्या पायथ्याशी सरांचं कौलारू घर होतं. पुसाळकरांनी स्वतः कराडला चौतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं, त्यांच्या हाताखालून पाचजण डॉक्टरेट मिळवून गेले होते. पण या घरात आले की ते अजून खाटेच्या अगदी कडेला बसत. कोणी ऊठ म्हटलं तर पटकन उठता यावं, असे.

"किती यंत्रं आहेत तुझ्या त्या फायलीत?"

"एक्केचाळीस, सर. तक्ता केलाय. प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, पंख्याचा आवाज. शेवटी संदर्भसूची आहे."

"संदर्भसूची!" सरांची लेक शमीम चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. "काका, कॉम्प्युटर घेताय का पीएच.डी. करताय?"

पुसाळकर ओशाळले. बोलणं खरंच होतं.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी इंटरनेटवर एक चॅनल उघडलं होतं. पठारावरची गवतं लोकांना ओळखायला शिकवायची, तीही लाइव्ह, समोरासमोर, लोकांनी विचारावं आणि आपण दाखवावं. गवतं ओळखण्याची ती विद्या सरांची. सरांनी ती कधी कागदावर उतरवली नाही, आणि सरांचे डोळे गेल्यापासून ती एकट्या पुसाळकरांच्या डोक्यात उरली होती.

पहिल्या वर्षी नव्या पिढीचा प्रोसेसर येणार होता, म्हणून ते थांबले. दुसऱ्या वर्षी एका ग्राफिक कार्डाबद्दल दोन परीक्षकांत मतभेद झाला, म्हणून थांबले. तिसऱ्या वर्षी पंखा घरघरतो आणि ती घरघर माइकमध्ये शिरते, असं कुठेसं वाचलं.

तिन्ही वर्षी गवत फुललं, ओंब्या आल्या, विळे लागले आणि गंजी रचल्या गेल्या. यंदाही आठ दिवसांत पठारावर कापणी सुरू होणार होती. मग दाखवायला ओंबी उरणार नव्हती. आणि पुढच्या वर्षी सर…

ते वाक्य पुसाळकर मनातसुद्धा पुरं करत नसत.

"चॅनलवर माणसं किती?" सरांनी विचारलं.

"एकशे चार."

"आणि व्हिडिओ?"

"अजून… एकही नाही, सर."

"मग ते एकशे चारजण बघतात काय?"

"वाट, अब्बा," शमीम म्हणाली. "काकांची वाट बघतात. मी पण आहे त्यांच्यात."

सर बराच वेळ चहा फुंकत राहिले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध डाग पडला होता. समोरचं माणूसही त्यांना आवाजावरूनच कळे.

"बरं, सांग. तुला त्यातलं आवडलंय कोणतं?"

पुसाळकरांचा चेहरा उजळला. फाइल चाळत त्यांनी सतरावं पान काढलं.

"हे, सर. किंमत जास्त आहे, पण यावर व्हिडिओ कापणं, जोडणं फार सोपं. तुम्ही बोलताना अडखळलात, तर तेवढाच भाग आपोआप गळतो. चुकीचं नाव तोंडातून गेलं, तर ते काढून तुमच्याच आवाजात बरोबर नाव बसवता येतं. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. आणि लाइव्हसुद्धा अर्धं मिनिट उशिरा सोडता येतं. म्हणजे काही गडबड झालीच, तर…"

"पुसता येते."

"हो, सर! अगदी मागमूस राहत नाही."

"हं…" सरांनी बशी खाली ठेवली. "आणि एक्केचाळिसांत न पुसणारा कोणता आहे?"

पुसाळकरांनी पान उलटलं. मग आणखी एक उलटलं. असा रकाना त्यांच्या तक्त्यात नव्हता.

"तसा कोणी बनवत नाही, सर. तो कोण घेईल?"

सर लेकीच्या दिशेने हात करून म्हणाले, "शमे, ट्रंकेतला तो कागद आण. सगळ्यात खालचा."

शमीमने तो दोन्ही हातांवर तोलून आणला. वाळवून, दाबून, जाड कागदावर चिकटवलेलं गवताचं एक रोप. कॉलेजचा संग्रह नव्या इमारतीत हलवला, तेव्हा जादाची प्रत म्हणून सरांनी तो मागून घेतला होता.

कागदाच्या कोपऱ्यात सरांच्या टपोऱ्या अक्षरात गवताचं नाव, ठिकाण आणि साल होतं, एकोणीसशे एकाहत्तर. खाली सही: इ. तांबोळी. त्याच्या वरच्या अंगाला आणखी एक चिठ्ठी डकवलेली होती. तिच्यावर वेगळंच नाव. खाली सही: कुसुम माळी, एकोणीसशे नव्वद.

वनस्पतिसंग्रहातली ही जुनी रीत. आधीच्याने ओळख चुकवली असेल, तर त्याची चिठ्ठी काढायची नाही, खोडायची नाही. आपली शेजारी लावायची, सही करायची, तारीख घालायची. दोन्ही तशाच राहतात.

"वाच," सर म्हणाले.

वाचायची गरज नव्हती. तो कागद पुसाळकरांना पाठ होता.

"चूक कुणाची?"

"तुमची, सर."

"धरली कुणी?"

"कुसुमने."

"ती तर तुझ्या नंतरची विद्यार्थिनी. नव्वदच्या आधी हा कागद कुणी कुणी पाहिला?"

"बऱ्याच जणांनी पाहिला असेल…"

"एकोणऐंशी साली तू पाच वेळा काढलास. कपाट उघडलं की वहीत सही करायची असायची. पाच सह्या होत्या तुझ्या. पाचवी संध्याकाळची, कॉलेज सुटल्यावरची."

पुसाळकरांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने पुसला. पुन्हा घातला.

"दिसलं होतं तुला?"

पुसाळकरांनी फायलीची कड सरळ केली.

"सदानंद."

"दिसलं होतं, सर. पहिल्याच दिवशी दिसलं होतं." आवाज एकदम बारीक झाला. "पण वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल. खाली तुमची सही होती."

"अकरा वर्षं पोरं चुकीचं नाव शिकली."

हे ते रागाने म्हणाले नाहीत. चहा निवला म्हणावं, तसं म्हणाले.

बाहेर एक म्हैस हंबरली. शमीमने उगाचच रिकाम्या कपबशा एकात एक घातल्या.

"जा," सर म्हणाले. "बांधावर ओंबी आलेलं काहीतरी असेल. एक काडी घेऊन ये."

पुसाळकर गेले आणि एक काडी मुळापासून उपटून घेऊन आले. ते ती सरांच्या हातात देणार, तोच सरांनी हात मागे घेतला.

"मला नको. त्या एकशे चारांना दाखव."

"आत्ता?"

"ओंबी आत्ता आहे ना?"

"सर, पण कॉम्प्युटर…"

"तुझ्या खिशात काय वाजतं ते मघापासून?"

"हा फोन आहे, सर. याचा कॅमेरा यथातथाच आहे. माइक वेगळा नाही, प्रकाश समोरून नाही, आणि मी काही टिपणं काढलेली नाहीत. मला निदान दोन दिवस…"

"द्या इकडे, काका." शमीमने फोन काढून घेतलाही. "मी धरते. तुम्ही फक्त बोला. आणि हसा जरा, पंचनाम्याला आल्यासारखे उभे राहू नका."

तिने कुठेसं बोट लावलं. पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका पेटला. खाली आकडा आला, शून्य. मग दोन. मग सात.

पुसाळकरांनी घसा खाकरला. "नमस्कार. प्रस्तुत व्याख्यानात…"

शमीमने फोनच्या मागून डोळे वटारले.

"म्हणजे… हे एक गवत आहे. आत्ताच बांधावरून आणलं. ओंबीला बोटांसारखे फाटे आहेत. हे पेरं बघा, त्याच्याभोवती पांढऱ्या केसांचं कडं आहे. गुरं हे फार आवडीने खातात. आपल्याकडे याला मारवेल म्हणतात."

"चुकलं!"

खाटेवरून आवाज आला, खणखणीत. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा, तसाच.

पुसाळकरांनी फोनकडे पाहिलं. आकडा आता तेवीस होता. तेवीस माणसांनी ते ऐकलं होतं, आणि ते परत घेता येणार नव्हतं. 'क्षमा करा' म्हणावं आणि फोन बंद करायला सांगावं, एवढंच त्यांच्या मनात आलं. ओठांवर 'क्ष' आलाही होता…

शमीमचा हात हलला नाही. लाल ठिपका तसाच पेटलेला होता.

पुसाळकरांनी गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं.

"सर म्हणतात, चुकलं," ते हळूच म्हणाले. "मला गवत सरांनीच शिकवलं. तेव्हा… आपण पुन्हा बघू. मारवेलसारखं दिसणारं आणखी एक गवत आहे. तसेच फाटे, पेऱ्यावर केसही तसेच. घाईत ते मारवेल म्हणून खपून जातं. पण त्याच्या दाण्यावरच्या टरफलाला टाचणी टोचल्यासारखा एक खड्डा असतो. शमीम, जवळ आण. आणखी जवळ. हा एक दाणा. खड्डा नाही. हा दुसरा…"

ते दाण्यामागून दाणा फिरवत गेले. कॅमेऱ्याचा, माइकचा, उजेडाचा त्यांना विसर पडला. पहिला फाटा संपला. दुसरा संपला. मग त्यांनी काडी चुरगाळून वास घेतला, पेरं नखाने हलकेच खरवडलं, आणि आपण काय करतोय, का करतोय, ते स्वतःशीच बोलावं तसं बोलत राहिले.

मग ते थांबले.

खाटेकडे वळले.

"सर… हे मारवेलच आहे."

"नक्की?"

"नक्की."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो, सर. सदानंद पुसाळकर. आजची तारीख घाला."

पडद्यावर कुणाचा तरी प्रश्न उमटला. शमीमने तो वाचून दाखवला, "सर, तो खड्डा असलेलं गवत कुठे मिळेल? आम्ही शोधून आणतो." पाठोपाठ दुसरा आला. मग एका जुन्या विद्यार्थिनीचा, तिने स्वतःच्या अंगणातल्या गवताचं वर्णन लिहून पाठवलं होतं. पुसाळकर एकेकाला उत्तर देत गेले. एकदा म्हणाले, "हे मला माहीत नाही. उद्या बघून सांगतो." आणि फोनची बॅटरी संपून पडदा काळा झाला, तेव्हाही त्यांचं अर्धं वाक्य तोंडातच होतं.



शमीमने दुखरा हात झटकला. मग ती बापाकडे वळली.

"अब्बा, एक सांगा. तुम्हाला काडी दिसली नाही. तुम्ही तिला हातही लावला नाहीत. मग चुकलं ते कशावरून?"

सर चाचपडत आपली बशी शोधत होते. ती सापडली. त्यांनी उरलेला गार घोट प्यायला.

पुसाळकर पाहतच राहिले. परीक्षा देऊन बाहेर पडलेल्या पोरासारखे ते घामाघूम झाले होते. मग त्यांना हसू फुटलं, आणि पहिल्यांदाच ते खाटेवर मागे सरून, पाय वर घेऊन, सरांच्या खांद्याला खांदा लावून बसले.

"सर, पण बरोबर होतं ते!"

"हं… निघालं खरं बरोबर." सरांनी सुस्कारा टाकला आणि शिष्याच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे. उद्या पुन्हा चुकायचा प्रयत्न कर."