मूळचं काय उरलंय?

सांगलीच्या रेवती खाडिलकरचे बाबा गेले आणि मागे राहिली त्यांची जुनीपुराणी बीएमडब्ल्यू. पगार बेताचा, म्हणून जुन्या बाजारातून एकेक भाग हुडकून त्यांनी ती चालती ठेवली होती.

तेराव्याच्या पंगतीत, सगळं घर ज्यांना टरकून असे ते थोरले काका गरजले, "इंजिन एकीचं, दारं दुसरीची! मूळचं काय उरलंय हिच्यात? उद्याच भंगारात घाला!"

रेवतीने डोळे पुसले. "काका, तुमचे दात नवे, गुडघे नवे, काळजातली झडपसुद्धा नवी. म्हणून आम्ही तुम्हाला भंगारात घातलं का?"

काका भात कालवू लागले. गाडीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

रेवती एकटीच गाडीत जाऊन बसली. असल्या उत्तरावर मांडीवर थाप मारून हसणारा माणूस आता घरात उरला नव्हता.