सवडीनं आलेलं काम

एकदा काय झालं, एका राज्यातल्या कामांना पाय फुटले. कुणी कुणाला काम सांगायचंच नाही. काम आपलं आपण चालत राजाच्या दारात यायचं आणि 'मला करा' म्हणून उभं राहायचं. राजाचं नाव लगबगराव. नावासारखाच होता मेला. जे काम जास्त ओरडेल ते आधी करायचा. बंड्या, पाय हलवू नकोस, पांघरूण सरकतंय.

तर एक दिवस दारात एक ओलं काम आलं. गावावरच्या तळ्याच्या बांधाला भोक पडलं होतं, ते बुजवायचं काम. चपलांपाशी उभं राहून ते हळूच म्हणालं, "सवडीनं बघा महाराज, घाई नाही." तेवढ्यात राजाच्या मिशीला पीळ द्यायचं काम ओरडत आलं. मग काय, राजा बसला मिशी पिळत.

दुसऱ्या दिवशी ओलं काम परत आलं. त्या दिवशी पोपटाच्या पिंजऱ्याची कडी बसवायचं काम बोंबलत होतं. राजा म्हणाला, "हे ओलं काम शहाणं आहे, थांबतं बिचारं." आता ह्या माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

तिसऱ्या दिवशी राजा हत्तीची घंटा घासत होता. ओलं काम काही बोललंच नाही. नुसतं उंबऱ्याशी बसून राहिलं. त्याच्या अंगातून पाणी गळून दारात डबकं झालं. राणी शेवंताचा त्यात पाय पडला. बघते तर डबक्यात तळ्यातली इवलीशी मासोळी वळवळतेय. राणीनं ओळखलं, भोक आता मासोळी निसटेल एवढं झालंय. तिचं माहेर त्या बांधाच्या अगदी खाली होतं, बरं का. तिचे म्हातारे वडील, नाना, तिथे वांगी लावून राहायचे.

मग राणी जी तडकली. "अहो, बांध फुटायला आलाय आणि तुम्ही घंटा काय घासताय?"

"पण तेच म्हणालं ना, सवडीनं करा."

"माझे नाना इथे येतात, पोटात कावळे ओरडत असले तरी म्हणतात, मी जेवून आलोय. म्हणून मी त्यांना उपाशी पाठवते का? ओरडेल त्याचं ऐकता. बुडवेल त्याच्याकडे कधी बघणार?"

राजानं घंटा खाली ठेवली.

मग राणीनं ओरडणारी सगळी कामं अंगणात कोंडली, पदर खोचला आणि निघाली. तिच्या मागे राजा, राजाच्या मागे सगळं गाव. भोक सुपाएवढं झालं होतं. मग दगड टाका, माती टाका, तुडवा. राजानंही घमेली वाहिली. संध्याकाळी भोक बुजलं, आणि ओलं काम तिथल्या तिथे नाहीसं झालं.

नानांना ह्यातलं काही माहीतच नव्हतं. ते आपले वांगी तोडत होते. राणी त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागली.

"कुणी बोललं का गं तुला काही?"

"नाही हो नाना. आज मीच सगळ्यांना बोलले."

राजा चिखलाच्या पायांनी दारात खाली मान घालून उभा होता.

घरी येऊन बघतात तर अंगणातली निम्मी कामं कंटाळून निघून गेलेली. कुणाचं काही अडलं नाही. मग राजा-राणी सुखात राहिली, नानाही सुखात राहिले. आता ज्याला शू लागलीय त्यानं आत्ता जाऊन यावं. बाकीचं सगळं उद्या. झोपा.