पगारवाढीच्या आदल्या दिवशी

“मग राजीनामा कधी देऊ, बाई? पगारवाढीच्या आधी की नंतर?”

वैशंपायनबाई ओसरीवर वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

साताऱ्याच्या कॉलेजात त्यांनी तीस वर्षं कायदा शिकवला होता. पुष्कर धायगुडे त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. हे त्यालाही चांगलंच ठाऊक होतं. आता तो पुण्यातल्या एका मोठ्या लॉ फर्ममध्ये होता आणि दुसऱ्या फर्मचं बोलावणं आलं होतं.

“तू काय ठरवलंयस?”

“एक तारखेला वाढीचं पत्र मिळेल. नव्या ठिकाणी त्यावरच पगार ठरणार. दोन तारखेला राजीनामा देतो.”

“बरं.”

पुष्करला वाटलं होतं, बाई पैशावरून दोन शब्द सुनावतील. उत्तर तयार करूनच तो आला होता.

“घे की वाढ,” बाई म्हणाल्या. “वर्षभर राबलायस.”

उत्तर तसंच राहून गेलं...

“वाढ ठरवतं कोण रे?”

“भागीदार. उद्या बैठक आहे. आमच्या विभागाचे मोकाशी सर तिथे आम्हा सगळ्यांसाठी भांडतात. मागच्या वर्षी माझ्यासाठी तासभर अडून बसले होते.”

“आणि यंदा?”

“यंदाही. परवाच म्हणाले, तू निर्धास्त राहा, मी...”

आपण जाणार आहोत, हे सरांना ठाऊकच नव्हतं.

बाईंचे हात थांबले. त्यांनी बोटं पदराला पुसली, ताट बाजूला सारलं आणि त्याला आपल्याजवळ बसायला जागा केली.

तो बसला. मग त्याने मोकाशी सरांना फोन लावला.

“सर, उद्या माझ्यासाठी बोलण्याआधी एक सांगायचं होतं... मी नोकरी सोडतोय.”

पलीकडून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

“उद्या मी तुझ्यासाठी शब्द टाकणार होतो रे,” मोकाशी म्हणाले. “बरं झालं, आज बोललास.”

“सॉरी, सर.”

“काम तर तू केलंयस. तुझं नाव मी घेईनच. पण जाणार आहेस, हेही सांगेन. देतील असं वाटत नाही.” थोडं थांबून ते म्हणाले, “सांभाळून राहा, पुष्कर.”

फोन ठेवला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. लाज वाटत होती की हलकं वाटत होतं, त्याचं त्यालाच कळेना.

“वाढ गेली, बाई.”

“गेली.”

“नव्या ठिकाणीही कमीच मिळेल आता.”

“हो.”

बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. कॉलेजात असताना एकदाही फिरवला नव्हता.

“जेवूनच जा,” त्या म्हणाल्या. “आज तुला भूक लागेल.”